झोपाळू मॅडमचा श्वास

मी मैदानावर कोसळले आणि माझा श्वास बंद पडू लागला, तेव्हा समोरचे लोक हसत होते. त्यात त्यांची चूक नव्हती. त्यांना हसवायलाच आम्ही तिथे गेलो होतो.

मला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा आजार आहे. यात स्नायू वापरता वापरता थकतात आणि विश्रांती मिळाली की पुन्हा चालू लागतात. मेंदूने सोडलेला हुकूम स्नायूपर्यंत पुरता पोहोचत नाही, कारण शरीर स्वतःच त्याला वाटेत अडवते. याहून जास्त माहिती डॉक्टरांकडून घ्यावी. ज्यांना हा आजार नव्याने कळला आहे, त्यांच्यासाठी मी घडले तेवढे सांगते आहे.

त्यातली एक गोष्ट मला बराच काळ कळली नव्हती. माझे ते पडणे खोटे नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या नसरीनला नेमके केव्हा कळले? शाळेपासूनची आमची मैत्री या एका प्रश्नावर अडून राहिली होती.

सुटलेला चेंडू

आमच्या संघाचे नाव 'उसळी'. एकेकाळी जिल्ह्याकडून, विद्यापीठाकडून खेळलेल्या आणि आता संसारात पडलेल्या आम्ही बायका. आम्ही सामने खेळत नाही, बास्केटबॉलचे कार्यक्रम करतो. टेम्पोच्या मागे लोखंडी सांगाड्यावर बसवलेली जाळी घेऊन शाळांची संमेलने, कंपन्यांचे कौटुंबिक मेळावे, गणेश मंडळे असे फिरतो. बोटावर चेंडू फिरवणे, पाठीमागून पास देणे, गाण्याच्या ठेक्यावर नेम साधणे, पाहुण्यांच्या खुर्चीखालून चेंडू पळवणे, असा तो खेळ.

नसरीन संघातली विदूषक. मी 'मॅडम', म्हणजे शिट्टी आणि माईक घेऊन शिस्त लावणारी. पूर्वी मी एका दैनिकात उपसंपादक होते. आवृत्ती बंद झाली आणि मी पूर्ण वेळ संघात आले. बातमी वाचावी तशा कोरड्या आवाजात मी नसरीनचे गुन्हे जाहीर करायची, ती ते आणखी वाढवायची. लोकांना ही जोडी आवडायची.

संघाचा एक नियम होता. चेंडू सुटला तर थांबायचे नाही आणि चेहरा पाडायचा नाही. जी जवळ असेल तिने त्याचा विनोद करायचा. प्रेक्षकांना चूक दिसता कामा नये. हे आमच्या अंगात इतके मुरले होते की सुटलेल्या चेंडूकडे कुणी चूक म्हणून पाहतच नसे.

माझ्या हातून पहिला चेंडू सुटला तो चितेगावच्या एका कंपनीच्या मेळाव्यात. कार्यक्रमाचा उत्तरार्ध होता. बोटावर फिरणारा चेंडू खांद्याच्या वर नेताना हात आपोआप खाली आला. दुखले नाही. हात फक्त वर राहीना. चेंडू नसरीनच्या पायाशी गेला. तिने तो उचलून माझ्या मानेमागे उशीसारखा धरला.

"ओ मॅडम! ड्युटीवर झोपायलात का?"

"नाइट शिफ्ट झाली असंल त्यांची!" कामगारांतून कुणीतरी ओरडले, आणि मंडप हसला.

पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच झाले. मग डावी पापणी पडू लागली. मग माईकवरचा आवाज नाकातून येऊ लागला. सगळे उत्तरार्धातच व्हायचे. सकाळी मी अगदी ठणठणीत असायची, त्यामुळे आदल्या संध्याकाळचे कुणाला सांगितले तर मलाच खोटे वाटायचे. नसरीन दर वेळी काहीतरी जोडत गेली. आधी उशी, मग गोधडी, मग अंगाईगीत. शेवटी मी खाली आडवी व्हायची, ती माझ्या तोंडाशी माईक धरायची आणि मी घोरायची. 'झोपाळू मॅडम' हा आमचा सर्वात गाजलेला आयटम झाला. त्याची वेळ ठरलेली असे, कारण माझी ताकद जाण्याची वेळ ठरलेली होती. आम्ही आजाराला कार्यक्रमात जागा करून दिली होती.

गावाकडून माझी आई आली. तिचे माहेर आणि सासर दोन्ही मेंढपाळांचे. बोलणे आखडते घेणे तिला माहीत नाही. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "काय गं, डोळा कुनाला मारायलीस?"

"थकल्यानं होतं गं, आई."

"थकल्यावर मानसाचे दोनी डोळे मिटत्यात. तुजा एकच कसा मिटायलाय?"

तिच्यामुळे मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. सकाळची वेळ होती, पापणी जागेवर होती. थेंब मिळाले.

बर्फ

मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ संध्याकाळची मिळाली, हे माझे नशीब. नवरा गणेश कामावर होता, म्हणून नसरीन सोबत आली. डॉक्टरांनी बोट वर धरले आणि त्याकडे बघत राहायला सांगितले. मी बघत राहिले. डावी पापणी हळूहळू उतरली, मग उजवीही.

"हे कधी होतं?"

मी तोंड उघडण्याआधी नसरीन म्हणाली, "डॉक्टरसाब, हे तर सेकंड हाफला होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचा आयटम हाय हा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून माझ्या मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायला लावला. काही वेळाने तो काढला तेव्हा पापण्या वर गेलेल्या होत्या. समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर मला दोन्ही डोळ्यांनी दिसले. थंडाव्याने पापणी उचलली जाणे ही या आजाराची एक खूण असते, असे त्यांनी सांगितले. बाकीच्या तपासण्यांनी ते पक्के केले.

जिना उतरताना नसरीन पायरीवर थांबली. "वैशू, आपण किती हसलो गं यावर."

"लोक हसले."

"नै. मी पण हसले."

घरी गणेशने एकच विचारले, "बरं होतं ना हे?" मी म्हणाले, "आटोक्यात राहतं." तो स्वयंपाकघरात गेला आणि भरलेलीच पाण्याची बाटली पुन्हा भरू लागला. आमची मुलगी ओवी तेव्हा तिसरीत होती. तिला आम्ही सांगितले की आईची बॅटरी लवकर उतरते. निदानाच्या दिवशी माणसे रडतात असे मी ऐकले होते. आम्ही त्या दिवशी पिठले-भात जेवलो.

नक्कल

गोळ्या लागू पडल्या. पापणी वर राहू लागली, हात वर जाऊ लागला. दगदग करू नका आणि सर्दी-खोकला झाला तर लगेच कळवा, एवढे बंधन घालून डॉक्टरांनी हलके काम करायला परवानगी दिली.

कार्यक्रम ठरवणारे मात्र 'झोपाळू मॅडम' मागत होते. म्हणून आता मी तिचा अभिनय करू लागले. आरशासमोर बसून मी माझ्याच पडणाऱ्या पापणीची नक्कल शिकले. हात कसा सैल सोडायचा, आवाज नाकात कसा न्यायचा, हे घोटवले. आधी खऱ्याला आम्ही सोंग समजलो होतो, आता सोंगच शिल्लक होते. नसरीन सुरुवातीला दर वेळी कानाशी येऊन विचारायची, "खरं की झूट?" मी पुटपुटायची, "झूट." पुढे तिने विचारणे सोडले. तिला खात्री वाटू लागली होती, आणि मलाही.

वेरूळ

वेरूळला एका शाळेच्या संमेलनात कार्यक्रम होता. मला खोकला झाला होता आणि औषध चालू होते. पाणी पिताना ठसका लागत होता, पाठीवर सपाट झोपले की जीव घाबरत होता. या दोन गोष्टी या आजाराच्या माणसाने कधीही साध्या समजू नयेत. तिथेच थांबून दवाखाना गाठावा. कोणतेही नवे औषध घेण्याआधी देणाऱ्याला आजाराचे नाव सांगावे, कारण काही साधी औषधेही या आजारात घातक ठरतात.

आयटमची वेळ झाली. मी हात सैल सोडला आणि तो खरोखरच गेला. गुडघे गेले. ठरल्याप्रमाणे मी आडवी झाले, पण मान वळवता येईना. नसरीनने गोधडी टाकली. गोधडीला मोगऱ्याच्या अत्तराचा वास येत होता, म्हणजे नसरीनच्या घरची होती. अंगाई सुरू झाली. मुले टाळ्यांवर ठेका धरत होती. मी श्वास घेत होते, पण तो घशाच्या खाली उतरत नव्हता. हाक मारायला हवा लागते आणि ती माझ्याकडे नव्हती. डोळे मिटलेले होते. मला सगळे ऐकू येत होते.

ओठांना माईकची जाळी टेकली. आता घोरायचे होते. मला जमले नाही. लोक हसले. माईक दूर गेला. नसरीनने काहीतरी केले असणार, कारण हशा वाढला. माईक पुन्हा ओठांना टेकला. या वेळी हसणे आणखी मोठे होते. मग नसरीनचा आवाज सगळ्या मैदानभर घुमला, "वैशू. ए वैशू, उठ ना." त्यावरही लोक हसले. तो हशा मध्येच तुटला. तेवढे मला आठवते.

पुढचे इतरांकडून कळले. रुग्णवाहिका येईपर्यंत संघातल्या एकीने तोंडाने श्वास दिला. गाडीत डॉक्टर नळी बसवण्याची तयारी करत होते, तेव्हा हवा भरणारी रबरी पिशवी त्यांनी नसरीनच्या हातात दिली आणि ती कोणत्या लयीत दाबायची ते दाखवले. घाट उतरेपर्यंत ती पिशवी तिने दाबली.

मिटलेले डोळे

अतिदक्षता विभागात मी यंत्राच्या श्वासावर होते आणि जागी होते. हे लोकांना लवकर पटत नाही. पापण्या उघडत नव्हत्या, म्हणून भेटायला आलेले मी झोपेत आहे असे समजून बोलायचे. माझी नणंद पलंगाशी उभी राहून गणेशला म्हणाली, "पोरीला काही दिवस आमच्याकडं ठेवा. हिचं काय खरं दिसत नाय." तिने ते मायेने म्हटले होते.

तिथला दिवस आवाजांवरून कळतो. सकाळी अंग पुसायला येणाऱ्यांची बादली. मग डॉक्टरांची फेरी, त्यांचे इंग्रजी आकडे. नळीतला कफ ओढून काढण्याचे यंत्र सुरू झाले की मी पायाचे बोट घट्ट दाबून धरायची, कारण तेवढेच हलत होते. कुणाच्या तरी यंत्राचा गजर वाजला की त्यामागोमाग मला हशा ऐकू यायचा. शंभर पोरांचा, मोकळा, निर्मळ हशा. तो भ्रम आहे हे मला माहीत होते. माहीत असल्याने तो थांबला नाही.

एका सिस्टरने पायाच्या बोटाची हालचाल पाहिली आणि तिच्या लक्षात आले. ती वाकून म्हणाली, "जाग्या आहात ना? एकदा हलवा." मी हलवले. त्यानंतर कुणी भेटायला आले की ती दोन बोटांनी माझ्या पापण्या उचलून धरायची, म्हणजे मला माणूस दिसायचे. आई तिला म्हणाली, "अजून जरा वर धरा, बाई. मी नवं लुगडं नेसून आलेय, दिसू द्या की तिला." मला लुगड्याचा हिरवा रंग दिसला. त्या सगळ्या काळात मला मिळालेली ती सर्वात मोठी भेट होती. आपले माणूस या अवस्थेत असेल तर ते ऐकते आहे असे धरूनच बोलावे.

नसरीन आली तेव्हा सिस्टरने तशाच पापण्या उचलल्या. नसरीन पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती. तिने माझे उघडे डोळे पाहिले आणि ती निघून गेली. बाहेर गणेश होता. त्याचा आवाज दारातून आत आला, "तुम्ही हसवत बसलात. ती मरायली होती आणि तुम्ही हसवत बसलात."

नसरीन पुन्हा आली नाही.

घर

रक्तातला दोषी द्रव, म्हणजे प्लाझ्मा, बदलण्याचे उपचार झाले. हळूहळू यंत्र सुटले. काही महिन्यांनी छातीतली थायमस नावाची ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया झाली. मी शहरातल्या, गारखेड्याच्या घरी परत आले. गोळ्यांनी चेहरा सुजून गोल झाला होता. शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली. चपाती चावून संपेपर्यंत जबडा थकायचा, म्हणून आई ती दुधात कुस्करून द्यायची आणि वर म्हणायची, "कोकराला पाजल्यावानी पाजायलेय तुला. कोकरू तरी उड्या मारतंय."

दुपारी मी पडले की ओवी जवळ येऊन बसायची. सुरुवातीला वाटले, माया. मग लक्षात आले की ती माझ्या नाकाखाली बोट धरते.

"काय बघतेस?"

"घोर ना जरा, आई."

"का गं?"

"व्हिडिओत तू घोरली नाहीस."

असे मला त्या व्हिडिओबद्दल कळले. वेरूळच्या मैदानावर कुणीतरी मोबाइलवर तो काढला होता. पुढचा गोंधळ कापून, हशापर्यंतचाच भाग पसरला होता. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या चेहऱ्यांसह येऊन गेला होता. पाठवणाऱ्याने मला ओळखलेही नव्हते. तो अजून फिरतो आहे. कुठल्यातरी फोनवर आत्ताही मी श्वासाशिवाय पडलेली असेन आणि कुणीतरी हसत असेल.

गणेश म्हणाला, बघू नकोस. मी बघितला. बातमी तपासावी तसा, थांबवत थांबवत बघितला. नसरीन माईक धरते. काहीच ऐकू येत नाही. तिचा चेहरा बदलतो. अगदी थोडा, पण मी तिला लहानपणापासून ओळखते. ती माझ्याकडे बघते. मग मान वर करून प्रेक्षकांकडे बघते. मग कानात बोट घालून हलवते, जणू तिलाच ऐकू येत नाही. हशा उसळतो. आणि ती माईक दुसऱ्यांदा धरते.

पहिल्या आणि दुसऱ्या वेळेच्या मध्ये तिला काय माहीत होते, हे व्हिडिओत नाही.

मी तिला फोन केले. तिने उचलले नाहीत. संघातल्या मुलींनी सांगितले, ती चेंडूला हात लावत नाही, सरावाला येत नाही, तिच्याशिवाय सगळे कार्यक्रम थांबले आहेत. मला राग होता का? होता. तो कुणावर ठेवायचा हे ठरत नव्हते. शेवटी मी तिच्या आईमार्फत निरोप दिला: तिला सांगा, ये आणि खरं काय ते सांग. नाही आलीस तर मी व्हिडिओवरून माझे उत्तर ठरवीन.

नसरीन

ती संध्याकाळी आली. संध्याकाळ म्हणजे माझी दिवसातली सर्वात कमकुवत वेळ. शीरखुर्म्याचा डबा आईच्या हातात देऊन ती माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसली. आई डबा घेऊन आत गेली. गणेश उठून गॅलरीत गेला. त्याने तिला बस म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही.

"मोटी हो गई तू," ती म्हणाली.

"गोळ्या."

"हौ."

मी विचारले. आडवळणाने विचारण्याइतकी ताकद नव्हती. "केव्हा कळलं तुला?"

तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "पहिल्यांदाच."

तिने टोक सोडले आणि पुन्हा गुंडाळले.

"पहिल्यांदा माईक धरला ना, तेव्हाच. तू घोरायच्या आधी एक श्वास आत ओढतेस. तो आवाज लोकांना येत नाही, मला येतो. तो आला नाही. मला कळलं, वैशू गेली."

"मग दुसऱ्यांदा?"

"मी वर बघितलं. सगळे हसत होते. पोरं, मास्तर, पहिल्या रांगेतले पाहुणे. एवढे लोक हसायलेत म्हणजे तू ठीकच असणार. मला वाटलं माझाच कान चुकला. एवढ्या लोकांना दिसतंय ते खरं, मला एकटीला ऐकू आलं ते झूट." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणून परत धरला. परत तसंच. तेव्हा मग ओरडले. ते पण हसले, वैशू. मी खरं ओरडले ते पण हसले."

गॅलरीत गणेश पाठमोरा उभा होता. तो ऐकत होता.

तिने सांगितले ते मी मनात तपासून पाहिले. व्हिडिओशी ते जुळत होते. तिने हसवण्यासाठी मला मरू दिले नव्हते. हसणाऱ्या माणसांवर तिने स्वतःच्या कानापेक्षा जास्त विश्वास ठेवला होता. आम्ही दोघींनी आयुष्यभर तेच तर केले होते. पहिले संशयाचे क्षण मीही त्याच हशाच्या हवाली केले होते, चितेगावला.

मला तिला सांगायचे होते की कळले, संपले, आता शीरखुर्मा आण. पण बोलून बोलून जीभ जड झाली होती, म्हणून मी तिच्याकडे बघून हसले.

या आजारात हसण्याचे स्नायू थकले की ओठांचे कोपरे वर जात नाहीत. फक्त वरचा ओठ उचलला जातो आणि दात दिसतात. आतून माणूस हसत असते, बाहेरून ते गुरगुरल्यासारखे दिसते. हे मी आरशात पाहिले होते. नसरीनने कधी पाहिले नव्हते.

ती उठली. "हौ. तुझा हक आहे," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मला उठता येईना. मी हात पुढे केला, तो तिच्या ओढणीपर्यंत पोहोचला आणि खाली पडला. ती थबकली. तिने त्या हाताकडे पाहिले, मग माझ्या दिसणाऱ्या दातांकडे. मग ती खाली बसली आणि तिचा कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"हसते आहे," मी म्हणाले. शब्द नाकातून आला, अर्धा तुटला.

"काय?"

"मी. हसते. आहे."

तिने कान तसाच ठेवला. बराच वेळ ती हलली नाही, आणि मी श्वास घेत राहिले, तिला ऐकू जाईल असा.